दीड मत

बरोब्बरताईंचं खरं नाव बेकरीत फार तर तिघांना ठाऊक असेल, आणि त्या तिघांनाही ते पटकन आठवत नसे. त्या तिघांतले एक म्हणजे त्यांचे यजमान.

कुणी काहीही म्हटलं तरी ताईंच्या तोंडून एकच शब्द निघायचा. "पीठ आज जरा ओलसर वाटतंय." "बरोब्बर." "छे, पीठ उत्तम आहे, हवाच दमट आहे." तेवढ्याच मनापासून, "बरोब्बर." एकदा हे दोघं बोलणारे समोरासमोरच उभे होते. दोघांनाही वाटलं, आपण जिंकलो. दोघंही खुशीत आपापल्या कामाला गेले आणि ते सगळं पीठ ताईंना एकटीला पुन्हा चाळावं लागलं.

यात लबाडी नव्हती हो. काही बायका एखादा दागिना इतका जपून ठेवतात, की पुढे त्यांनाच सापडत नाही. ताईंनी आपलं मत असंच कुठंतरी जपून ठेवलं होतं. लग्न ठरताना वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा बेकरीत आहे. पहाटे तीनला उठावं लागेल, चालेल ना तुला?" ताई म्हणाल्या, "बरोब्बर." आता हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. पण वडिलांनी होकार धरला, मुलाकडच्यांनी होकार धरला आणि तेव्हापासून ताई तीनला उठत होत्या.

यजमान भट्टीवर. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. ताई गोळे वळायच्या टेबलावर. दोन हात, दोन तळव्यांखाली दोन गोळे, चार-पाच फेरे गरगर, की झाले. डावीकडचा कुठला आणि उजवीकडचा कुठला हे सांगून दाखवावं. वळून झाले की ते ट्रेमध्ये एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ठेवायचे, म्हणजे फुगून एकमेकांना चिकटतात आणि पाव कडेनं मऊ राहतो. ताईंच्या हाताला ही सवय इतकी लागली होती, की घरी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडतानाही त्या एकमेकींना चिकटवून मांडायच्या.

बेकरी होती काम करणाऱ्यांचीच. जुने मालक थकले तेव्हा त्यांनी ती विकली नाही. तेरा कामगारांच्या नावावर केली आणि आपण बहिणीकडे राहायला निघून गेले. जाताना एक पद्धत लावून गेले. मोठी कुठलीही गोष्ट ठरवायची तर गोळे टाकायचे. पीठ फुगायला ठेवतात त्या उबेच्या खोलीत दोन ट्रे ठेवायचे, एकावर लाल कापड, दुसऱ्यावर पांढरं. लाल म्हणजे बदल करा, पांढरं म्हणजे आहे ते चालू द्या. एकेकानं कणकेचा गोळा वळायचा, मुठीत झाकून आत जायचं आणि हव्या त्या कापडाखाली सरकवून यायचं. शेवटचा माणूस बाहेर आला की लगेच मोजणी. बरोबरी झाली तर आहे तेच चालू.

मतदान गुप्त, असं सगळे म्हणत. पण गोळा वळणाऱ्याला दुसऱ्याचा गोळा ओळखू येणार नाही असं होतं का? वस्तादांचा गोळा ताठ. वस्तादांची बहीण, म्हणजे ताईंच्या वन्सं, काउंटर सांभाळायच्या. त्यांना वळायची सवय नव्हती, त्यांचा गोळा बसकट. साच्यांना तूप लावणारे म्हातारे साचेवाले काका हाताला येईल तेवढं पीठ उचलायचे. आणि गोळ्याच्या खाली जी चिमट बसते, तिला बेकरीत बेंबी म्हणतात, ती तर ज्याची त्याची वेगळी. तेव्हा कापड उचललं की कुणी काय टाकलं ते सगळ्यांना कळायचं, आणि कळलं नाही असं दाखवायचं हीच काय ती गुप्तता. मांजर पाळावं की नाही यावरसुद्धा गोळे पडले होते. मांजर भरघोस मतांनी निवडून आलं. ज्यांनी विरोध केला तेच आता त्याला साय घालायचे.

या खेपेचा प्रश्न मांजराएवढा गोड नव्हता. तो काढला केकवालीनं. केकवर फुलं काढायची, तिशीतली, जिभेला साखर फक्त क्रीमपुरती. ती म्हणाली, "पहाटेची पाळी बंद करा. सकाळी आठला येऊ, दुपारी भाजू, संध्याकाळी ताजा पाव विकू. सकाळी लोक आदल्या संध्याकाळचा खातील. मरणार नाहीत."

"ते मरणार नाहीत," वन्सं म्हणाल्या, "पण मला मारतील. काउंटरवर मी असते. तू आत गुलाब काढत बसतेस."

वस्ताद तर कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. "अख्खं गाव झोपलेलं असतं आणि आपण त्यांच्यासाठी जागे असतो. त्यात एक मान आहे."

"मान आहे ना, मग ती उशीवर टेकू द्या की जरा," केकवाली म्हणाली.

"हसण्यावारी नेऊ नकोस. लोक उठतात आणि पाव गरम असतो. एवढी एक गोष्ट या रस्त्यावर रोज वेळेवर होते. काय गं?" हे शेवटचं ताईंना.

"बरोब्बर," ताई म्हणाल्या.

"ताई, मला सांगा, माणसानं माणसासारखं रात्री झोपावं की नाही?" हे केकवालीचं.

"बरोब्बर."

सगळे हसले. ताईही हसल्या. पण त्या दिवसांत त्यांच्या घरच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं, त्याचं कुणाला काही माहीत नव्हतं.

चित्र नातीनं काढलेलं. शाळेत सांगितलं होतं, आपलं कुटुंब काढा. तिनं मिशीवाले आजोबा काढले, पर्स घेतलेली आई काढली, स्वतःला सगळ्यांत उंच काढलं आणि खाली, कागदाच्या कडेला, आजी काढली. आडवी. डोळ्यांच्या जागी दोन रेघा.

"अगं, आजीला उभी काढ की," ताईंची मुलगी म्हणाली.

नातीनं खरोखरच्या आश्चर्यानं विचारलं, "आजी उभी असते?"

मुलगी नोकरीवरून सुटून, लेकीला घेऊन आईकडे यायची ती संध्याकाळी सातला. ताई साडेसहाला झोपलेल्या असायच्या. वस्ताद खुर्चीत बसून अजून तासभर जागे राहत, त्यामुळे त्यांना दोन डोळे आणि मिशी मिळाली होती. आजीच्या घरी चवड्यांवर चालायचं असतं, हे ती पोर बोलायच्याही आधी शिकली होती. मुलीनं ते चित्र हसत हसत आईला दिलं. ताईही हसल्या. मग त्यांनी ते कपाटाच्या आत चिकटवलं, आणि काही काढायचं नसलं तरी त्या कपाट उघडू लागल्या.

मोजणीला कोण बसणार हे ठरवायला वेळ लागला नाही. "ताई," वन्सं म्हणाल्या. "ताईच," केकवाली म्हणाली. त्या दोघींचं त्या महिन्यात जमलेलं हे एवढं एकच. "ज्या माणसाला मतच नाही, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस कुठून आणायचा?"

"बरोब्बर," ताई म्हणाल्या. नेहमीपेक्षा जरा उशिरा म्हणाल्या, पण ते कोण बघतंय.

दुपारची झाडलोट झाल्यावर गोळे टाकायचं ठरलं. ताई उबेच्या खोलीच्या दाराशी स्टूल घेऊन बसल्या. एकेकजण मूठ मिटून आत जाई आणि बाहेर येताना काहीच केलं नाही असा चेहरा करून बाहेर पडे. मांजराच्या निवडणुकीलाही लोक असेच चेहरे करत. वस्ताद आत गेले आणि पावलं न लपवता सरळ पांढऱ्याकडे गेले, हे दाराबाहेरही ऐकू आलं. साचेवाले काका आत इतका वेळ राहिले, की केकवालीनं दारावर टकटक केली, "काका, तिथं झोपू नका, अजून पाळी बंद झालेली नाही."

बाराही जण झाले. सगळे हात धुवायला नळाकडे गेले. परातीत कणकेचा लहानसा तुकडा उरला होता, बोराएवढा म्हणा ना, फार तर त्याहून थोडा मोठा. ताईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग तो उचलला, तळव्याखाली एकदाच फिरवला आणि आत गेल्या.

लाल कापडाची कड उचलून त्यांनी हात आत घातला. न बघता, बोटांनी चाचपत. ट्रे चांगला ऐसपैस होता, गोळे लांब लांब पडले होते. पण तीस वर्षांची सवय हाताची. हातानं शेजार शोधला आणि तो गोळा एका मोठ्या गोळ्याच्या खांद्याला चिकटवून ठेवला. जन्मात पहिल्यांदा मत दिलं, तेही कुणाच्या तरी आडोशानं.

बाहेर येऊन त्या "मोजू या" म्हणणार, तेवढ्यात गल्लीत भोंगा वाजला. मैद्याचा ट्रक. उद्या येणारा ट्रक आज आला होता आणि गल्लीत असा तिरका घुसला होता, की पुढच्याला पुढे जाता येईना नि मागच्याला मागे. गाड्या बोंबलायला लागल्या. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "पोती उतरवता का परत नेऊ?" मग काय, मतदार तसेच ओल्या हातांनी पळाले. एक पोतं दारातच फुटलं. सायकलवरून पाव पोचवणारा गडी त्यात नखशिखांत पांढरा झाला, आणि मांजर त्याला न ओळखून त्याच्यावर फिस्कारलं. ड्रायव्हरला सही हवी, पाणी हवं, चहा हवा. सगळं आटपून सगळे घाम पुसत उभे राहिले, तेव्हा ताईंनी कपाळावर हात मारला.

"अगंबाई! मतं!"

उबेच्या खोलीत दोन्ही कापडं तंबूसारखी वर आली होती.

पांढरं काढलं. सहा गोळे, टरारून फुगलेले, सगळे सारखे. लाल काढलं. पाच गोळे, आणि कोपऱ्यात एक भला थोरला, एका अंगाला झुकलेला, कुशीवर वळून झोपलेल्या माणसासारखा.

"सहा आणि सहा," वन्सं म्हणाल्या. "बरोबरी. पहाटेची पाळी चालू. चला, कामाला लागा."

"एक मिनिट," केकवाली पुढे आली. "हे सहावं काय आहे? हा गोळा आहे की उशी? दोन आहेत हे. फुगून चिकटलेत."

"एखाद्यानं मोठा टाकला असेल."

सगळ्यांनी साचेवाल्या काकांकडे बघितलं.

"माझं मत मोठंच असतं," काका शांतपणे म्हणाले. "पण ते कुठल्या कापडाखाली आहे ते मी मरेपर्यंत सांगणार नाही."

एरवी एका नजरेत कळलं असतं. पण आता कुणाचा ताठ नि कुणाचा बसकट काही उरलं नव्हतं, आणि खालची बेंबी बघायचं त्या गडबडीत कुणालाच सुचलं नाही. वस्तादांनी वाकून बघितलं, बाजूनं बघितलं आणि कंबर सरळ केली. "एकदा फुगलं की सगळे एकसारखे दिसतात."

"माणसांचंही तसंच असतं," काका म्हणाले.

मग वजनकाटा आला. इतर गोळे एकेक करून मोजले. कुणी थोडा जास्त, कुणी थोडा कमी, पण एकूण सगळे जवळपास. मग तो थोरला काट्यावर ठेवला. सायकलवाल्यानं पांढऱ्या भुवयांखालून काट्याकडे बघितलं आणि त्याला हसूच फुटलं.

"दीड! हे दीड मत आहे!"

"मग लावा निकाल," केकवाली म्हणाली. "साडेसहा विरुद्ध सहा. आम्ही अर्ध्यानं जिंकलो."

"अर्धं?" वन्संनी हात नाचवले. "हे अर्धं मत कुणाचं म्हणायचं? इथं अर्धं माणूस आहे का कुणी?"

ताई ट्रे धरून उभ्या होत्या. ट्रे काही जड नव्हता, पण त्यांनी तो खाली ठेवला.

वस्तादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "वजन सोडा. माणसं मोजा." आणि ते बोट फिरवत एकेकाला विचारू लागले. "तू टाकलंस?" "टाकलं." "तू?" "टाकलं." बोट सगळ्या खोलीभर फिरलं. ताईंवरून ते भिंतीवरच्या घड्याळावरून जावं तसं पुढे गेलं. "मी एक. झाले बारा. ही मोजणारी. बारा माणसं, बारा गोळे. मिटलं."

ताईंनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. केकवालीकडे बघितलं, तर तीही बोटांवर बाराच मोजत होती.

"तरी मी मानत नाही," केकवाली म्हणाली. "कुणीतरी खोटं सांगत असेल. पुन्हा घ्या."

आता वस्तादांना चेव आला. "पुन्हा? आणि तेव्हाही मनासारखं नाही झालं तर? तिसऱ्यांदा? हरलेल्याला पटेपर्यंत मोजत बसायचं असेल तर भट्टी कधी पेटवायची? मांजर निवडून आलं तेव्हा मला शिंका येत होत्या, तरी मी मानलं की नाही? निकाल म्हणजे निकाल. आवडला तर आपला शहाणपणा आणि नाही आवडला तर पीठ नासकं, असं नाही चालत. एका मतानं लागो, अर्ध्या मतानं लागो, जो लागला तो मुकाट्यानं मानायचा. मी असतो तर मानला असता!"

"हरणाऱ्यानं मानायचं, कबूल," केकवाली म्हणाली. "पण आधी हरलं कोण ते तर कळू दे! शंका गिळून बसा म्हणजे निकाल मानला, असं नसतं हो. ती पोटात जाऊन फुगते. हे बघा, अशी." तिनं थोरल्या गोळ्याकडे बोट केलं.

गडबड माजली. निम्मे म्हणाले, वस्तादांचं खरं. निम्मे म्हणाले, हिचं खरं. शेवटी कुणीतरी म्हणालं, मोजणारीनं सांगावं, आणि सगळे ताईंकडे वळले. आता कुठे त्या दिसल्या.

"सांग गं," वस्ताद म्हणाले. "बरोबरी ना?"

तो नेहमीचा शब्द घशापर्यंत आला. अगदी जिभेच्या शेंड्यावर बसला. ताईंनी तो परत गिळला.

"आधी भाजून घेऊ," त्या म्हणाल्या. "नाहीतर आंबतील."

यावर मात्र एकमत झालं. बेकरीवाला एक वेळ निकाल नासू देईल, पीठ नाही.

वस्ताद लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे भट्टीत सरकवत होते. ताई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. बाकीचे बाहेरच्या खोलीत हुज्जत घालत होते.

"तेरावा माझा आहे," ताई म्हणाल्या.

"काय तेरावा?"

"गोळा. तो मोठ्याला चिकटलेला."

वस्तादांचा हात फळीवरच थांबला. "लाल कापडाखाली?"

"लाल."

भट्टीच्या उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसत होता. आधी काही कळलंच नाही असा, मग कळलं असा, आणि मग काहीतरी भलतंच लागलं असा.

"तू एवढा लहान गोळा वळलास?" ते म्हणाले. "तू?"

"उरलं होतं तेवढंच घेतलं."

"तुला हवं होतं तर बोलली का नाहीस? इतकी वर्षं मी विचारतो, काय गं, काय गं..."

"तुम्ही 'काय गं' विचारता, ते आपलं सांगून झाल्यावर."

यावर वस्तादांनी फळी भिंतीला टेकवली. ती घसरली. ती पुन्हा टेकवली. "झोप पुरत नाही का तुला?"

"झोप पुरते हो. संध्याकाळ पुरत नाही." मग ताईंनी त्यांना चित्राचं सांगितलं. फार काही नाही, दोन वाक्यांत. आडवी काढलीय, डोळ्यांच्या रेघा काढल्यात. "आजी उभी असते का, म्हणून विचारते ती."

वस्ताद बाहेरच्या खोलीकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "आत्ता बोलू नकोस. सगळ्यांदेखत माझी शोभा होईल. मागाहून बघू काय ते."

"तुम्हीच म्हणालात, जो लागला तो मुकाट्यानं मानायचा."

"ते मी बरोबरीचं म्हणालो होतो!"

ट्रे बाहेर आले. वास सुटला आणि बाहेरची भांडणं आपोआप आत आली. थोरला गोळा तांबूस झाला होता, मधे पुसट रेघ. केकवाली म्हणाली, ती शीव आहे. वन्सं म्हणाल्या, ती भेग आहे.

"तो माझा आहे," ताई म्हणाल्या. आवाज कधी एवढा मोठा लावलेला नव्हता, त्यामुळे तो मधेच चिरकला. "म्हणजे त्यातला लहान. मी टाकला. सगळ्यांच्या नंतर. मोजायला उशीर झाला तोही माझ्याचमुळे, ट्रक आला नि मी विसरले. पण मत टाकलंय. लाल."

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. मांजराचीसुद्धा.

"तू?" वन्सं म्हणाल्या. "तुला मत आहे?"

"आहे."

"आणि मोजणारी मत देते? हे कुठल्या नियमात बसतं?"

"भागीदार तेरा, मतं तेरा," साचेवाले काका म्हणाले. "मोजणारीला मत नाही असं मालक कधी बोलले नव्हते. आपण तिला विचारलं नाही, एवढंच झालं."

"मग आता विचारून काय उपयोग? कुणीही उठून म्हणेल, तो अर्धा माझा! पुरावा काय? मी नाही मानणार."

सगळ्यांनी वस्तादांकडे बघितलं. वस्ताद भट्टीकडे बघत होते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. मग ते पुढे आले, गरम पाव उघड्या हातानं उचलला, दोन्ही अंगठे रेघेवर ठेवले आणि ओढला. तो मधून सुटला, सहज, वेगळ्या वळलेल्या दोन गोळ्यांचाच सुटतो तसा. एक मोठा, एक लहान. त्यांनी लहान उलटा केला आणि खालची बेंबी अंगठ्यानं चाचपली.

"डावीकडून वळलेली," ते म्हणाले. "हिचाच आहे. आंधळा झालो तरी हा हात मला कळेल." आणि घसा खाकरून, भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "सात विरुद्ध सहा. पहाटेची पाळी बंद."

"दादा!" वन्सं ओरडल्या. "तू सुद्धा?"

"मग काय करू? मघाशी एवढं भाषण ठोकलं. ते शब्द आता ठेवू कुठं?"

"भट्टीत ठेवा," केकवाली म्हणाली, आणि सायकलवाला इतका हसला की त्याच्या अंगावरचा उरलासुरला मैदा खाली पडला.

वस्तादांनी एकच अट घातली: वर्षानं पुन्हा गोळे टाकायचे. केकवाली म्हणाली, शंभरदा टाकू, पण पुढच्या वेळी ट्रे मोठा घ्या आणि मोजायला दुसरं कुणीतरी बसवा. ताई आता कामातून गेल्या. मग चहा झाला आणि तेराच्या तेरा मतं लोणी लावून खाल्ली गेली. वन्संनी लाल ट्रेतल्या पावाला हात लावणार नाही असं जाहीर केलं आणि पांढऱ्यातलाच मागून घेतला. काकांनी मोठा अर्धा भाग आपल्याकडे ओढला, तेव्हा त्यांनी मत कुठं टाकलं होतं ते सगळ्यांना कळलं, आणि नेहमीप्रमाणे कुणालाच कळलं नाही. लहान पाव मात्र वस्तादांनी कुणाला दिला नाही. बराच वेळ हातात धरून, मग एका घासात खाऊन टाकला.

निकाल मानला म्हणजे सगळं गोड झालं, असं कुणी समजू नये. पहिले काही आठवडे गिऱ्हाइकांनी काउंटरवर वन्संना सळो की पळो करून सोडलं. कोपऱ्यावरचे एक म्हातारे गृहस्थ तर रोज सकाळी कालचा पाव दाबून बघत आणि एखाद्याची नाडी लागेनाशी झाल्यावर हलवतात तशी मान हलवत. वन्सं घरी येऊन ताईंपुढे पाढा वाचत, "आज तुझ्या अर्ध्या मतानं मला नऊ शिव्या खायला घातल्या."

"एक होतं ते, वन्सं," ताई म्हणत. "अख्खं. शिव्यांचं मात्र वाईट वाटतं." आणि त्यांना खरंच वाईट वाटे. आपलं चुकलं तर नाही ना, असंही दर दोन दिवसांनी वाटे. मत असण्याची ही कटकट त्यांना आधी ठाऊक नव्हती.

संध्याकाळी सातला घंटी वाजली की ताई दार उघडत. पहिल्या दिवशी नात सवयीनं चवड्यांवर आत आली, समोर आजी बघून थबकली आणि कुजबुजली, "आजी, तू उठलीस?" महिन्याभरात ती पावलं आपटत यायला लागली. आता तिला गप्प करावं लागे, पण ते वस्तादांसाठी. कारण पाळी बंद झाली तरी वस्तादांचे डोळे तीनलाच उघडत. ते उठून घरभर फिरत, खिडकीतून बेकरीच्या थंड चिमणीकडे बघत, आठला कामावर जात आणि संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकत. निकाल त्यांनी मानला होता. त्यांच्या डोळ्यांनी अजून मानलेला नव्हता.

शाळेत पुन्हा एकदा कुटुंब काढायला सांगितलं. नात चित्र घेऊन आली. आजी मधोमध उभी, कागद पुरला नाही म्हणून डोकं जरा वाकडं, डोळे बशीएवढाले. आणि खाली, कडेला, मिशी असलेला एक माणूस आडवा.

गडबडीनं वस्तादांची झोप मोडली. चष्मा लावून त्यांनी चित्र हातात घेतलं.

"हे काय? माझ्या डोळ्यांच्या रेघा का काढल्यास?"

"तुम्ही असेच असता, आजोबा."

"असाच असतो?" वस्ताद ताईंकडे वळले. "ऐकलंस? मी असाच असतो का गं?"

ताईंनी चित्र त्यांच्या हातातून घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा चित्राकडे.

"बरोब्बर," त्या म्हणाल्या.